टाळं न लावता बंद

अमेरिकेचं सरकार 1 ऑक्टोबर 2025 ला बंद पडलं आणि 43 दिवस बंद राहिलं. तेवढ्या काळात आपल्याकडे एका वाक्याला बरे दिवस आले : ‘आपल्याकडे असलं काही होत नाही.’ वाहिन्यांवरचे जाणकार ते म्हणाले, निवृत्त अधिकारी म्हणाले. ज्यांची मुलं न्यू जर्सीला आहेत त्यांनी फोनवर तिकडची हालहवाल ऐकली आणि रत्नागिरीत मारुती मंदिरच्या कट्ट्यावर येऊन तेच म्हटलं. विमानांना रस्ता दाखवणाऱ्यांना पगार नाही, गरिबांच्या अन्नाचे पैसे अडकलेले, लाखो कर्मचारी घरी बसलेले. ही म्हणे महासत्ता! आणि आपण बघा, सभागृहात कितीही राडा होवो, अर्थसंकल्प मात्र वेळेवर मंजूर. संसदीय पद्धतीचा हा मोठेपणा.

या वाक्याची मला चीड आहे. कायद्याच्या भाषेत ते खरंच आहे आणि चीड येते ती त्यामुळेच, कारण खऱ्याच्या आडोशाला फार मोठी गोष्ट दडवता येते. सरकारी खर्चाला कात्री आपल्याकडेही लागते. कामं आपल्याकडेही बंद पडतात, पगार आपल्याकडेही अडकतात. फक्त कात्री कुणी लावली, कधी लावली आणि कुणाला विचारून लावली, हे आपल्याला कळत नाही. अमेरिकेत जे भांडण भर सभागृहात होतं, ते आपल्याकडे मंत्रालयातल्या एका विभागात, आवाज न करता, फाईलवर संपतं.

आधी कायद्याचं बोलू. काँग्रेसने मंजूर केल्याशिवाय पैसा खर्च करायचा नाही, हा अमेरिकेतला कायदा 1884 पासूनचा. पण मंजुरी लांबली तरी खाती आपली कामं रेटत असत. 1980 मध्ये ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी त्या कायद्याचा कडक अर्थ लावला : मंजुरी नाही तर काम नाही. तेव्हापासून हे टाळं लागायला लागलं. म्हणजे त्यांच्या राज्यघटनेत ते नाहीच. उणंपुरं पंचेचाळीस वर्षांचं आहे. त्या टाळ्याच्या धाकाने सौदेही होतात. एप्रिल 2011 मध्ये ओबामा आणि रिपब्लिकन पक्ष यांनी मुदत संपायला तास-दोन तास उरले असताना 38 अब्ज डॉलरच्या कपातीवर तोड काढली आणि बंद टळला. ती कपात योग्य होती की नव्हती, हा वेगळा वाद. पण कुठल्या खात्याचे किती गेले, ते कुणी मागितलं, कुणी दिलं, हे साऱ्या देशाने पाहिलं.

आपल्याकडे असा पेच येऊ नये याची तजवीज घटनाकारांनी केली आहे. राज्याचा अर्थसंकल्प 31 मार्चपर्यंत पुरता मंजूर झाला नाही तर अनुच्छेद 206 प्रमाणे लेखानुदान घेता येतं, म्हणजे चार-सहा महिन्यांचा खर्च आगाऊ मंजूर करून घेता येतो. एखादी मागणी सभागृहाने फेटाळलीच तर सरकारवरचा विश्वास उडाला असं धरतात आणि सरकार जातं. त्यामुळे बहुमतातल्या सरकारची मागणी कधी फेटाळली जात नाही. सभागृहच अडून बसलं तरी वाटा आहेत. पंजाबात मार्च 1968 मध्ये अध्यक्षांनी ऐन अर्थसंकल्पात विधानसभा दोन महिन्यांसाठी तहकूब केली, तेव्हा राज्यपालांनी सत्रसमाप्ती करून, अध्यादेश काढून अर्थसंकल्प पार पाडला. उत्तराखंडात मार्च 2016 मध्ये विनियोजन विधेयक मंजूर झालं की नाही यावरून सरकार कोसळलं, राष्ट्रपती राजवट आली आणि 1 एप्रिलपासूनच्या खर्चासाठी राष्ट्रपतींनी लेखानुदानाचा अध्यादेश काढला. कोषागार एक दिवसही बंद राहिलं नाही. इथवर कट्ट्यावरच्या मंडळींचं म्हणणं सोळा आणे मान्य.

आता पुढचा प्रश्न. आपलं सभागृह खर्चाला कात्री लावू शकतं का? कागदावर लावू शकतं. त्यासाठी कपात सूचना आहे. मागणी कमी करून एक रुपयावर आणा असं म्हटलं की धोरणाला विरोध, शंभर रुपये कमी करा म्हटलं की एखाद्या गाऱ्हाण्याकडे लक्ष वेधणं, आणि ठरावीक रक्कम कमी करा म्हटलं की काटकसर. पद्धत छान आहे, पण सत्ताधारी आमदार ती वापरणार नाही कारण पक्षादेश, आणि विरोधी आमदाराची सूचना मंजूर होणार नाही कारण आकडे. शेवटच्या दिवशी घड्याळाचा काटा ठरल्या जागी आला की उरलेल्या सगळ्या मागण्या चर्चेविना एका दमात मतास टाकतात. याला गिलोटिन म्हणतात, आणि मान कुणाची जाते हे सांगायला नको. हजारो कोटींच्या मागण्या ‘होय’च्या एका सुरात पार होतात.

बरं, मंजूर झालेला पैसा तरी खर्च होतो का? इथे आपल्या पद्धतीतली खरी मेख आहे. विधिमंडळाची मंजुरी ही सरकारला खर्चाची दिलेली परवानगी असते. खर्च करायलाच हवा, असं बंधन त्यात नसतं. सभागृह म्हणतं, रस्ते-पुलांवर इतके कोटी खर्च करायला हरकत नाही. मग वित्त विभाग ठरवतो की त्यातले किती सोडायचे. ते ‘बीम्स’ नावाच्या संगणक प्रणालीवर पडतात. पडले तर खालचा अधिकारी बिल काढतो, नाही पडले तर बिल पडून राहतं. 31 मार्चला न वापरलेला निधी व्यपगत होतो आणि कथा संपते.

याचं सर्वांत ढळढळीत उदाहरण 2020 चं. मार्च महिन्यात करोनामुळे अधिवेशन आवरतं घेतलं, पण अर्थसंकल्प मंजूर झाला होता. 4 मे 2020 रोजी वित्त विभागाने शासन निर्णय काढला : मंजूर निधीपैकी फक्त 33 टक्के खर्च करायचे, नवी कामं नाहीत, नवी भरती नाही. सभागृहाने दोन महिन्यांपूर्वी मंजूर केलेल्या विकासखर्चाचा दोन तृतीयांश भाग एका शासन निर्णयाने बाजूला काढला. अगदी बरोबर महिन्याने, 3 जूनला, निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडची घरं, माडाच्या बागा, सुपारीची कुळागरं आडवी केली. करोनात काटकसर करावी लागणार होती, यावर माझं भांडण नाही. उत्पन्नच आटलं होतं. त्या जागी मीही कात्री उचलली असती. मुद्दा एवढाच की इतकी मोठी कपात अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाला परस्पर करता येत नाही. निक्सन यांनी काँग्रेसने मंजूर केलेला पैसा अडवून ठेवला म्हणून 1974 मध्ये तिथे कायदाच झाला. पैसा रद्द करायचा असेल तर तसा प्रस्ताव काँग्रेसकडे पाठवा, 45 दिवसांत तिने होकार दिला तर ठीक, नाहीतर पैसा सोडा. त्या कायद्याला आजचे राष्ट्राध्यक्ष धाब्यावर बसवू पाहताहेत, हेही खरं. पण धाब्यावर बसवायला तिथे निदान कायदा आहे. आमच्याकडे मोडायला नियमच नाही.

आता रत्नागिरीत या. इथे सरकार बंद पडल्याची बातमी कधीच येत नाही. इथे एस.टी. अर्धी येते.

एप्रिल 2025 मध्ये एस.टी. कर्मचाऱ्यांच्या हातात मार्चचा पगार पडला तो 56 टक्के. महिलांना अर्ध्या तिकिटात आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट नेण्याची सवलत सरकारने जाहीर केली, त्याचे पैसे सरकारने महामंडळाला भरून द्यायचे असतात. ते पुरते आले नाहीत. परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनीच वित्त विभागावर जाहीर नाराजी व्यक्त केली. अमेरिकेत बंदच्या काळात पगार शून्य असतो, पण 2019 च्या कायद्याने बंद संपला की मागचा सगळा पगार मिळण्याची हमी आहे. आमच्या कंडक्टरला 56 टक्के मिळाले, उरलेल्यांसाठी वाट पाहावी लागली. रत्नागिरीचं मध्यवर्ती बसस्थानक वर्षानुवर्षं रखडत अखेर चकाचक उभं राहिलं. तिथून सुटणाऱ्या गाडीचा चालक घरखर्चासाठी उसनवारी करत होता. डोंगरातल्या वाडीवर संध्याकाळची वस्तीची गाडी आली नाही की दुसऱ्या दिवशी कॉलेजची पोरं पाच किलोमीटर चालत हमरस्त्यावर येतात. ही गाडी बंद करायचा ठराव कुठल्या सभागृहात झाला? कुणी बाजूने मत दिलं, कुणी विरोधात?

शाळांचंही तेच. कोकणातली वस्ती घाटावरच्यासारखी एका गावठाणात दाटलेली नाही. डोंगराच्या या अंगाला एक वाडी, वहाळापलीकडे दुसरी. त्यामुळे पट कमी असणं हा या भूगोलाचाच भाग. 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते ठरवणाऱ्या, शासन निर्णयाने सहावी ते आठवीच्या वर्गांत वीसपेक्षा कमी मुलं असतील तर नियमित शिक्षकाचं पद मंजूर होईना. ‘शाळा बंद करणार नाही’ असं सरकार छातीठोकपणे सांगतं आणि ते खोटं बोलत नाही. शाळेची इमारत आहे, फळा आहे, खिचडी शिजते, शिक्षक तेवढा नाही. त्याआधी 2023 मध्ये आंतरजिल्हा बदल्यांनी जिल्हा परिषदेचे शेकडो शिक्षक एकदम कार्यमुक्त झाले, तेव्हा वीस हजार रुपये मानधनावर निवृत्त गुरुजींना परत बोलवायचा निर्णय झाला होता. साठीच्या गुरुजींनी पुन्हा डस्टर हातात घ्यायचं आणि डी.एड. झालेल्या पोरांनी मुंबईला जाऊन डिलिव्हरीच्या पिशव्या वाहायच्या, याला काटकसर म्हणतात.

देवरुखकडच्या माझ्या ओळखीच्या एका छोट्या कंत्राटदाराने एका वाडीसाठी साकव बांधला. पावसाळ्यात वहाळ भरला की त्या वाडीचा गावाशी संबंध तुटायचा, म्हणून गावकऱ्यांनीही पाठ धरून काम करून घेतलं. स्लॅब झाला, कठडा राहिला. कठडा का राहिला? कारण पहिलं बिल निघालं नाही. तो कार्यालयात गेला की ठरलेला संवाद होतो. ‘साहेब, बिल?’ ‘चढवलंय. निधी पडला की निघेल.’ ‘किती पडेल?’ ‘मागच्या खेपेला दहा टक्के पडले.’ दहा टक्क्यांत त्याने खडीवाल्याला द्यायचे, सिमेंटवाल्याला द्यायचे, की बायकोचं गहाण मंगळसूत्र सोडवायचं? साहेबावर त्याचा राग नाही. साहेबाच्या स्क्रीनवर जे दिसतं तेच साहेब सांगतो. आणि म्हाताऱ्या माणसांनी बिनकठड्याच्या साकवावरून एकमेकांचा हात धरून जायचं.

‘कंत्राटदारांचं काय घेऊन बसलात? सगळे पुढाऱ्यांचे भाचे-पुतणे. थांबू देत थोडं.’ हे मला नेहमी ऐकवलं जातं, आणि ऐकवणारे बरेचदा सज्जन असतात. त्यांना सांगायचं ते असं की पुढाऱ्याचा भाचा थांबत नाही. निधी दहा टक्के आला की तो कुणाच्या बिलाला लागतो, हे कळायला बीम्सचा पासवर्ड लागत नाही. थांबतात ते सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी केलेले तरुण, मजूर सहकारी संस्था, उपकंत्राटदार. राज्यातली थकबाकी 89 हजार कोटींची आहे, असा कंत्राटदार संघटनांनी 2025 मध्ये दावा केला आणि त्यासाठी आंदोलनं केली. आकडा त्यांचा आहे, फुगलेला असेलही. मग सरकारने आपला खरा आकडा सभागृहात ठेवावा. जुलै 2025 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात जलजीवन नळयोजनेची कामं करणाऱ्या एका तरुणाने आत्महत्या केली, तेव्हा सरकारचं उत्तर आलं की तो उपकंत्राटदार होता, त्याच्या नावे आमच्याकडे बिलच प्रलंबित नाही. कागदोपत्री बरोबरच असेल.

जलजीवनचा विषय निघालाच आहे तर वाडीवरचे नळ पाहून या. रत्नागिरी जिल्ह्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि मार्च-एप्रिलमध्ये खेड तालुक्यातल्या धनगरवाड्यांवर टँकर जातो. घरापुढे सिमेंटच्या छोट्या खांबावर नळ उभा आहे, त्याचा फोटोही कुठल्याशा पोर्टलवर चढलेला असणार. टाकीचं काम अर्ध्यावर, पाइपलाइन पाखाडीच्या कडेला उघडी. केंद्राने 2025 च्या अर्थसंकल्पात या योजनेला 2028 पर्यंत मुदतवाढ दिली, पण मुदत वाढली म्हणून पाइपातून पाणी येत नाही. बाई हंडा घेऊन झऱ्यावर जाते. तिच्या लेखी सरकार चालू आहे की बंद?

यावर अर्थशास्त्राचं उत्तर तयार असतं. राज्याचं कर्ज स्थूल उत्पन्नाच्या 25 टक्क्यांच्या मर्यादेत आहे, 2025-26 च्या अंदाजात जेमतेम 19 टक्के. राजकोषीय तूट तीन टक्क्यांच्या आत आहे. महाराष्ट्राची प्रकृती उत्तम. आकडे खरे आहेत. तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी 10 मार्च 2025 ला मांडलेल्या सात लाख कोटींच्या अर्थसंकल्पात महसुली तूट 45,891 कोटी, राजकोषीय तूट 1,36,235 कोटी आणि कर्ज 9 लाख 32 हजार कोटींच्या घरात दाखवलं होतं. पण सरकारी हिशेब रोखीचा असतो. पैसा तिजोरीतून बाहेर पडला की खर्च धरतात. काम झालं, बिल आलं, पण पैसे दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षाच्या तुटीत दिसतच नाही. वाण्याची उधारी वहीत न लिहिता ‘आमचा महिना शिलकीत गेला’ असं सांगणाऱ्या गृहस्थासारखं हे आहे. तीन टक्क्यांची लक्ष्मणरेषा सांभाळली जाते त्यात देवरुखच्या त्या साकवाचाही वाटा आहे. त्या कंत्राटदाराने दिलेलं ते बिनव्याजी कर्ज आहे, आणि 9 लाख 32 हजार कोटींत ते मोजलेलं नाही.

याच वर्षात सभागृहापुढे पैसे वाढवून मागायला मात्र सरकार कमी पडलं नाही. जुलै 2025 मध्ये 57,509 कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या, डिसेंबरात नागपूरला 75,286 कोटींच्या आल्या. दोन्ही मिळून एक लाख 32 हजार कोटींच्या वर. त्यातला काही भाग नुसता जमाखर्चाचा असतो, केंद्राचा पैसा इकडून तिकडे वळवण्याचा असतो, हे वजा करा. तरी उरतं ते थोडं नाही. मार्चमध्ये मंजूर केलेला निधी वित्त विभाग सोडत नाही आणि डिसेंबरात तेच सभागृह आणखी मंजूर करतं. बेरजेला आमदारांची सही लागते, वजाबाकी मंत्रालयात परस्पर होते. आधीचाच पैसा खर्च झालेला नसताना पुरवणी मागण्या घेतल्या जातात, यावर महालेखापरीक्षकांचे अहवाल वर्षानुवर्षं बोट ठेवताहेत. ते अहवाल अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतात, आमदार तोवर गाडीत बसलेले असतात.

आता लाडक्या बहिणीकडे येतो, कारण न येता हा लेख संपवला तर पळ काढला असं होईल. 2024 च्या जूनमध्ये योजना जाहीर झाली, जुलैच्या 94,889 कोटींच्या पुरवणी मागण्यांत तिच्यासाठी 25 हजार कोटी आले. 2025-26 ला 36 हजार कोटींची तरतूद झाली. योजना बंद करा, असं मी म्हणत नाही. वाडीवरच्या बाईच्या हातात स्वतःचे म्हणून महिन्याला पंधराशे रुपये आले, त्याचं मोल कट्ट्यावर बसून कमी लेखणाऱ्यांपैकी मी नाही. पण त्याच बाईची वस्तीची गाडी गेली, मुलाचे मास्तर गेले, नळ कोरडा राहिला. गणपतीत शंभर रुपयांत मिळणारा रवा-साखर-डाळ-तेलाचा आनंदाचा शिधा 2025 ला आला नाही. अन्न व नागरी पुरवठा मंत्री छगन भुजबळ लाडक्या बहिणीमुळे निधीची ओढाताण असल्याचं बोलून गेले. सामाजिक न्याय आणि आदिवासी विभागांचा मिळून सातशे कोटींहून अधिक निधी मे 2025 मध्ये याच योजनेकडे वळवला गेला, तेव्हा सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट इतके वैतागले की खात्याची गरज नसेल तर ते बंदच करून टाका, असं जाहीरपणे म्हणाले. एक रुपयातला पीकविमाही त्याच वर्षी गेला.

जरा थांबून पाहा. परिवहनमंत्री, अन्नपुरवठामंत्री, सामाजिक न्यायमंत्री हे तिघेही सत्ताधारी. तिघांनीही कपातीविरुद्ध तक्रार केली, आणि ती वृत्तवाहिन्यांच्या दांडक्यापुढे केली. सभागृहात कपातीवर भाषण करायची संधी त्यांना नव्हती, कारण कपात सभागृहात आलेलीच नव्हती. मंत्र्यांची ही अवस्था असेल तर ‘कपातीवर बोलणारे बहिणींचे शत्रू’ हा आरोप कुणावर करायचा? पंधराशे द्यायचे की गाडी चालू ठेवायची, हा निवडीचा प्रश्न आहे आणि निवड करणं हेच राजकारण. ती निवड सभागृहात, नोंद ठेवून, नावानिशी करा एवढंच मागणं आहे. कदाचित बहुमत म्हणेल पंधराशेच द्या. मला पटणार नाही, पण मला उत्तर तरी मिळेल.

पैशाच्या प्रश्नावर सभागृहात कसं बोलावं, हे या जिल्ह्याला बाहेरून शिकायची गरज नव्हती. गुहागरजवळच्या कोतळूकला जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले मार्च 1902 मध्ये कलकत्त्याच्या विधिमंडळात अर्थसंकल्पावर पहिल्यांदा बोलले. सरकारने भलीमोठी शिल्लक दाखवली होती, सगळे सरकारची पाठ थोपटत होते. गोखल्यांनी त्या अभिनंदनात सामील व्हायला नकार दिला. दुष्काळ आणि प्लेगने देश मोडला असताना शिल्लक राहते, याचा अर्थ कर गरजेपेक्षा जास्त घेतला जातोय, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवलं. मिठावरचा कर कमी करा म्हणाले. पुढच्याच वर्षी तो मणामागे अडीच रुपयांवरून दोनवर आला. त्या एकाच भाषणाने आला असं नाही, पण त्या भाषणावाचून आला असंही नाही. आणि त्या सभागृहात अर्थसंकल्पावर मतदानाचा अधिकारच नव्हता! नुसतं बोलता येत होतं.

मताचा अधिकार हातात आला तेव्हा मराठी माणसाने तोही वापरून पाहिला. मध्य प्रांताच्या नागपूरच्या कौन्सिलात 1924 साली स्वराज पक्षाचं बहुमत होतं. त्यांनी सरकारच्या मागण्या फेटाळल्या आणि मंत्र्यांचा पगार वर्षाला दोन रुपये करून ठेवला. गव्हर्नरने मग मंत्र्यांकडची सोपीव खाती स्वतःच्या हातात घेतली. तो परक्या सरकारशी लढा होता, आज तसं करा असं कुणी म्हणणार नाही. पण जिथे दोन रुपयांचा पगार मंजूर झाला होता, त्याच नागपुरात डिसेंबर 2025 मध्ये पंच्याहत्तर हजार कोटी हिवाळी अधिवेशनाच्या आठवडाभरात मंजूर झाले.

कारण विचारणारं कोण आहे? 2024 च्या निवडणुकीत 288 पैकी 230 जागा तीन सत्ताधारी पक्षांना मिळाल्या. विधानसभेत विरोधी पक्षनेताच नेमला गेला नाही. त्या खुर्चीसाठी शिवसेना (ठाकरे) पक्षाने मार्च 2025 मध्ये नाव दिलं ते गुहागरच्या भास्कर जाधवांचं. वर्ष संपलं तरी खुर्ची रिकामीच. जिल्ह्यातले बाकीचे चार आमदार सत्तेत, त्यातले उदय सामंत उद्योगमंत्री आणि योगेश कदम राज्यमंत्री. ज्या जिल्ह्याचा एवढा दबदबा, त्याच्या कपातीची चर्चा व्हायला अडचण काय? अडचण हीच, की दबदबा मंत्रालयातल्या दालनात चालतो. तिथे एका गावचा रस्ता मागून घेता येतो. जिल्ह्याच्या अडलेल्या निधीची यादी मागायची जागा सभागृह आहे.

खाली तर सभागृहच नव्हतं. रत्नागिरी जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढे जवळपास चार वर्षं प्रशासकच कारभार पाहत राहिले. अर्थसंकल्प प्रशासकाने तयार करायचा, प्रशासकानेच मंजूर करायचा. सभेची खुर्ची-टेबलं धूळ खात. अमेरिकेत सरकार बंद होतं तेव्हा काँग्रेस चालू असते. इथे चार वर्षं लोकांनी निवडलेली माणसं घरी होती आणि कार्यालय दहा ते सहा उघडं होतं. शटडाऊन कशाला म्हणायचं, यावर कट्ट्यावरच्या मंडळींनी जरा विचार करावा.

उपाय फार अवघड नाही, आणि त्यासाठी अमेरिकेचं टाळं इथे आणायची काही गरज नाही. ते टाळं गरिबालाच आधी लागतं, हे 43 दिवसांत दिसलंच. लेखानुदानाची आपली सोय चांगली आहे, ती राहू दे. त्यात दोन गोष्टी घाला. मंजूर निधीपैकी ठरावीक टक्क्यांपेक्षा जास्त निधी रोखायचा असेल तर कारणासह तसं निवेदन सभागृहात यावं, आणि त्यावर मतदान व्हावं. सरकारकडे बहुमत आहे, ते हरणार नाही. नावं तेवढी नोंदली जातील. दुसरं, अर्थसंकल्पाच्या पुस्तकांबरोबर दर मार्चला थकीत देयकांचं विवरणपत्र द्यावं, खातेवार आणि जिल्हावार. मग तूट तीन टक्के आहे की आणखी काही, ते ज्याचं त्याला मोजता येईल.

‘अशी माहिती गोळा करायला वेळ लागेल,’ हे उत्तर मला आत्ताच ऐकू येतंय. विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांत ‘माहिती घेण्यात येत आहे’ या चार शब्दांवर किती अधिवेशनं निघाली! पण बीम्सवर कुठल्या लेखाशीर्षावर किती मंजूर, किती वितरित, किती खर्च, हे आत्ता या क्षणी दिसतं. अडलेल्या बिलांची नोंद त्या त्या कार्यालयात आहे. साकववाल्याला साहेब ती स्क्रीनवर बोट ठेवून दाखवतो. माहिती आहेच, ती तेवढी आमदारांच्या हातात द्यायची आहे. आणि छपाईचा खर्च काटकसरीत बसत नसेल तर पीडीएफ पाठवा, चालेल.